वाडीच्या बोळातून ओझं कोण ओढणार?

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि काही तासांत मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. नारळ मुळासकट उपटले, पोफळी मधोमध मोडल्या. आमच्या वाडीचीही तीच गत झाली. पंचनामा झाला, फोटो काढून झाले, मग प्रश्न उरला तो पडलेली खोडं बाहेर काढायची कशी. वाडीत जाणारा बोळ साडेचार फुटांचा, दोन्ही अंगांना जांभ्याचा गडगा. रस्त्यावर ट्रॅक्टर उभा होता, पण तो आत शिरत नव्हता. शेवटी करवतीने चार-चार फुटांचे तुकडे केले आणि माणसांनी ते खांद्यावरून वाहिले. दिवाळी आली तरी काम संपलं नव्हतं.

तेव्हापासून मी छोट्या शेती-वाहनांकडे लक्ष देऊन बघू लागलो. नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या चार जाड चाकांच्या एटीव्ही सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. त्या पाहून हल्ली बरेच वाडीवाले विचारतात, ‘ही आपल्या वाडीत चालेल का? मागे ट्रॉली लावली तर?’ माझं मत आधीच सांगतो. रायगडच्या किनाऱ्यावर दहातल्या आठ जणांचं काम मिनी ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर अधिक चांगलं करतो. एटीव्ही उरलेल्या दोघांसाठी आहे. पण त्या दोघांना तिच्यासारखं दुसरं काही मिळत नाही. आपण त्या दोघांत आहोत की आठांत, हे ठरवायला शोरूम ही चुकीची जागा आहे. ते आपल्याच वाडीत ठरतं.

आधी मोजपट्टी घ्या. रस्त्यापासून वाडीच्या शेवटच्या झाडापर्यंत चालत जा आणि सर्वांत अरुंद जागा मोजा. नुसती सरळ बोळाची रुंदी पुरत नाही, वळणाची जागाही मोजायला हवी, कारण ट्रॉली वळणावर आतल्या बाजूने कापते आणि गडग्याचे दगड घेऊन येते. पाखाडीच्या पायऱ्या असतील तर त्यांची उंची पाहा. पाट ओलांडताना किती खोल उतरावं लागतं ते पाहा. आता यंत्राची रुंदी घ्या. पूर्ण मापाची शेतकामाची एटीव्ही साधारण चार फूट रुंद असते. स्वराज कंपनीने २०२१ मध्ये आणलेला ‘कोड’ हा ११ अश्वशक्तीचा पेट्रोल ट्रॅक्टर ८९० मिलिमीटर, म्हणजे तीन फुटांहूनही अरुंद आहे. एटीव्ही लहान दिसते म्हणून अरुंद असेल असं वाटतं, प्रत्यक्षात मिनी ट्रॅक्टरच अरुंद निघतो. माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी ही साधी गोष्ट गाडी घरी आल्यावर मोजली.

वाडीच्या आतही हेच. पोफळी नऊ फुटांवर लावलेल्या असतील, तर दोन्हीकडची आळी सोडून मधे उरणारी वाट पाच फुटांच्या आसपास भरते. चार फुटांची गाडी त्यातून जाते, पण तिला वळता येत नाही. नारळ पंचवीस फुटांवर असतील तर जागा भरपूर आहे, तिथे अडचण मुळांची. नारळाची अन्न घेणारी मुळं बहुतांशी बुंध्यापासून सहा-सात फुटांच्या घेरात आणि वरच्या थरात असतात. ओल्या जमिनीत त्या घेरातून रोज जड यंत्र गेलं की माती दबून दगड होते. म्हणून वाडीत गाडीची वाट एकच ठेवायची, दोन ओळींच्या बरोबर मधून, आणि वर्षानुवर्षं तीच. हलकी, रुंद आणि कमी हवेच्या टायरांची एटीव्ही या एका बाबतीत ट्रॅक्टरपेक्षा खरोखर सरस आहे. तिच्या टायरांत हवा मोटारीच्या टायरच्या पाव हिश्श्याइतकी किंवा त्याहून कमी असते, त्यामुळे भार पसरतो आणि पाट-आळी कमी मोडतात.

मग ओझं. आपण वर्षभरात काय वाहतो याची यादी मनात करू नका, कागदावर लिहा आणि वजन लिहा. भाताचं पोतं पन्नास किलोचं. न सोललेले शंभर नारळ सव्वाशे-दीडशे किलो. जांभ्याचा एक चिरा तीसेक किलो, म्हणजे वीस चिऱ्यांची खेप सहाशे किलो. शेणखत, वाळू, पाण्याच्या टाक्या, झावळ्या. झावळ्या वजनाला हलक्या, पण पसरतात, त्यांना ट्रॉली लांब लागते. या कागदावर सर्वांत जड खेप कोणती आणि ती वर्षातून कितीदा निघते, हे दोन आकडे महत्त्वाचे. चिऱ्यांची खेप पाच वर्षांतून एकदा निघत असेल तर त्यासाठी यंत्र घेऊ नका, त्या दिवशी भाड्याने आणा.

विक्रेता तुम्हाला अश्वशक्ती सांगेल. ओढण्याच्या कामात अश्वशक्ती ही शेवटून दुसरी गोष्ट आहे. ओढतं ते वजन आणि पकड. एक ढोबळ हिशेब करून बघू. ट्रॉली दोनशे किलोची, त्यात आठ पोती म्हणजे चारशे, एकूण सहाशे. चालकासह गाडी चारशे. सगळं मिळून हजार किलो. घट्ट, कोरड्या मातीच्या सपाट वाटेवर हे हलवायला वजनाच्या विसाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे पन्नासेक किलोचा जोर पुरतो. आठ फुटांत एक फूट असा चढ लागला की त्यात सव्वाशेची भर, झाले पावणेदोनशे. कोरड्या मातीत चारही चाकं ओढत असतील तर चारशे किलोच्या गाडीला सुमारे दोनशे चाळीस किलोची पकड मिळते. म्हणजे निभावलं. आता तीच खेप भुसभुशीत वाळूतून काढा. तिथे सपाटीवरच वजनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे दोनशे किलोचा जोर लागतो आणि पकड उतरून दीडशे-एकशे साठवर येते. गाडी जागच्या जागी चाकं फिरवून स्वतःला पुरून घेते. इंजिन तीस अश्वशक्तीचं असलं तरी हेच होणार. जमिनीनुसार हे आकडे बदलतील, पण हिशेबाची रीत हीच ठेवा.

कंपनीच्या पत्रकात ओढण्याची क्षमता लिहिलेली असते, ती बहुधा सपाट आणि घट्ट जमीन धरून. पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० घ्या. याच गाडीची ट्रॅक्टर म्हणून प्रमाणित केलेली आवृत्ती भारतात आली, सुरुवातीला किंमत आठ लाखांच्या घरात. इंजिन ५६७ सीसी, चारही चाकांना ओढ, आणि ओढण्याची क्षमता साधारण साडेपाचशे किलो. पुढच्या रॅकवर चाळीसेक, मागच्या रॅकवर ऐंशी किलो. त्या साडेपाचशेत ट्रॉलीचं स्वतःचं वजनही येतं, हे विसरलं जातं. लोखंडी पत्र्याची स्थानिक ट्रॉली दोनशे किलोची असेल तर माल उरला साडेतीनशेचा. सात पोती.

एटीव्हीत आणखी एक नाजूक जागा आहे. बहुतेक गाड्यांत गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारं सीव्हीटी असतं. जड ओझं घेऊन हाय रेंजमध्ये रेटलं की पट्टा घसरतो, तापतो, जळका वास येतो आणि एक दिवस तुटतो. ओढताना नेहमी लो रेंज लावायची. पाट खोल असेल आणि पाणी पट्ट्याच्या पेटीत शिरलं तरी पट्टा घसरतो. मिनी ट्रॅक्टरला साधे गिअर आणि क्लच असतात, त्यांचं दुखणं गावातल्या मेकॅनिकला कळतं.

चढापेक्षा उताराची काळजी जास्त करा. आपल्याकडच्या डोंगर-उतारावरच्या कलमांच्या बागा, टेकडीवरून खाली येणाऱ्या वाटा, पावसात शेवाळलेला जांभा. ब्रेक नसलेली सहाशे किलोची ट्रॉली आठ फुटांत एक फूट अशा उतारावर गाडीला मागून पाऊणशे किलोच्या जोराने ढकलत असते. तुम्ही ब्रेक दाबला की गाडी थांबू बघते, ट्रॉली थांबत नाही, ती बाजूने पुढे येते आणि दोन्ही मिळून आडव्या होतात. उताराची वाट असेल तर ब्रेक नसलेली ट्रॉली भरून गाडी आणि चालक यांच्या एकत्र वजनापेक्षा जड होऊ द्यायची नाही. तेवढ्यात काम भागत नसेल तर ट्रॉलीला ब्रेक बसवून घ्या किंवा जड ट्रॅक्टर घ्या. ट्रॉली भरताना मालाचं वजन आसाच्या किंचित पुढे येऊ द्या, जेणेकरून एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकावर बसेल. माल मागे गेला की ट्रॉली हूक वर उचलते आणि गाडीची मागची पकडच काढून घेते.

आता कोणत्या जमिनीला काय. पेण-अलिबागच्या खारेपाटात चिखलणी हे मुख्य काम आहे. तिथे एटीव्ही घेऊ नये. बहुतेक एटीव्हींना पीटीओ नसतो, म्हणजे इंजिनाचा जोर रोटाव्हेटरला देण्याची सोयच नसते. भाताच्या खाचरात लोखंडी केज व्हील लावलेला पॉवर टिलर उतरवावा. १३ अश्वशक्तीचे व्हीएसटी शक्ती १३० डीआय किंवा केरळच्या कामकोचे टिलर यासाठीच बनले आहेत. खाचर संपलं की त्यालाच छोटी ट्रॉली लावून पोती घरी आणता येतात. एक विनंती मात्र खारेपाटातल्या वाचकांना आहे. खारबंदिस्तीच्या मातीच्या बांधावरून ट्रॅक्टर-ट्रॉली नेऊ नका, निदान पावसाळ्यात तरी. चाकांच्या चाकोऱ्यांत पाणी साचून बांध आतून मऊ होतो आणि उधाणाच्या भरतीला खांड पडते. एकदा खारं पाणी आत आलं की पुढची काही वर्षं त्या जमिनीत पनवेल जातींसारखं खार सोसणारं भातसुद्धा नेटाने येत नाही. एका वाटेची सोय सगळ्या गावाच्या शेतीवर येते.

अलिबागचा पांढरा कांदा करणाऱ्यांचं गणित वेगळं. भात निघाल्यावर त्याच जमिनीत कांदा, आणि काढणीच्या वेळी जमीन कोरडी व घट्ट असते. वेण्या बांधलेला कांदा फार जड नसतो, पण आदळआपट सोसत नाही. इथे पंधरा अश्वशक्तीचा महिंद्रा युवराज २१५ किंवा त्याच मापाचा कुठलाही मिनी ट्रॅक्टर नांगरटीपासून वाहतुकीपर्यंत सगळं करतो. शिवाय काम नसेल तेव्हा तो शेजाऱ्याकडे भाड्याने जातो. एटीव्ही भाड्याने मागायला कोणी येत नाही.

एटीव्ही कोणाला, हे आता सांगतो. ज्यांची आंब्या-काजूची बाग टेकडीवर पसरलेली आहे, खडकाळ वाट आहे, दिवसातून चार-पाच फेऱ्या आहेत, आणि प्रत्येक फेरीला फवारणीचा पंप, दोनशे लिटरची टाकी, क्रेट किंवा कुंपणाचे खांब एवढंच ओझं आहे, त्यांना. अशा कातळावर ट्रॅक्टर धडपडतो आणि दुचाकीवर ओझं बसत नाही. मोठ्या बागेवर देखरेख करणाऱ्या माणसाचा रोज तासभर चालण्यात जात असेल तर तो वाचतो. कामाचा भार हलका पण फेऱ्या पुष्कळ, अशी ही गाडी आहे. घेणार असाल तर चारचाकी ओढ, लो रेंज, डिफरन्शियल लॉक आणि उतारावर इंजिनाने वेग धरणारी सोय या चार गोष्टींशिवाय घेऊ नका. दोनच चाकांना ओढ असलेली स्वस्त गाडी किनाऱ्यावर फेऱ्या मारण्यापुरतीच आहे.

कागदपत्रांत लोक फसतात. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच एटीव्ही केवळ खासगी जागेत चालवण्यासाठी असतात, त्यांची आरटीओत नोंदणी होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी नेता येत नाही आणि नोंदणी नसेल तर तृतीय पक्ष विमाही नीट उभा राहत नाही. तुमची वाडी आणि तुमचं घर यांच्यामध्ये दोनशे मीटरचा ग्रामपंचायतीचा रस्ता असेल तरी हा कायदा लागू आहे. त्या रस्त्यावर एखाद्याला धक्का लागला तर सगळी भरपाई तुमच्या खिशातून. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या: ही गाडी आरटीओत कोणत्या वर्गात नोंद होईल? ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी लागते, हे लक्षात ठेवा. वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतलेली ट्रॉली सगळे वापरतात म्हणून ती कायदेशीर होत नाही.

अनुदान हवं असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आधी अर्ज करा, पूर्वसंमती येईपर्यंत थांबा, मगच खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीचं बिल अनुदानाला चालत नाही. मान्यताप्राप्त केंद्रात चाचणी झालेली यंत्रंच अनुदानात बसतात. मध्य प्रदेशातल्या बुदनीला केंद्र सरकारची १९५५ मध्ये स्थापन झालेली यंत्र-चाचणी संस्था आहे. अशा केंद्राचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडून मागून घ्या. त्यात पीटीओची खरी शक्ती असते आणि ‘ड्रॉबार पुल’ म्हणजे यंत्र प्रत्यक्ष किती ओढतं तो आकडा असतो. रंगीत पत्रकातल्या अश्वशक्तीपेक्षा हा एक आकडा तुमच्या कामाचा आहे.

जुन्या गाडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तो घाव मी सोसला आहे. निसर्गनंतरच्या वर्षी मी किनाऱ्यावर पर्यटकांसाठी चालवलेली एक एटीव्ही अर्ध्याहून कमी किमतीत घेतली. इंजिन छान होतं. रंग नवा होता. तिसऱ्या महिन्यात भरलेली ट्रॉली ओढताना मागच्या हुकाची पट्टीच चासीपासून सुटली. रंगाखाली लोखंड पापुद्र्यासारखं झालं होतं. खाऱ्या पाण्यातून रोज धावलेल्या गाडीत हेच होतं. नळ्यांच्या आत शिरलेलं खारं पाणी बाहेरून दिसत नाही. जुनी गाडी बघायला जाताना लहान हातोडी घेऊन जा, चासीच्या नळ्या आणि हुकाच्या सांध्यावर हलकेच वाजवा. चांगलं लोखंड खणखणतं, खाल्लेलं बद्द वाजतं. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवरचे रबरी बूट फाटलेले आहेत का, चाक हातात धरून हलवल्यावर बेअरिंग खेळतं का, विजेच्या जोडांवर हिरवट थर आहे का, हे बघा. किनाऱ्यावर चाललेली गाडी असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, घेऊ नका.

नवी गाडीही आपल्या हवेत लवकर गंजते. समुद्रापासून किलोमीटरभर आत असलेल्या वाडीतही खारी हवा पोचते. आठवड्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने धुवा, पण जोराची धार थेट बेअरिंगवर मारू नका. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली, ग्रीसच्या निपलांना ठरलेल्या तासांनी ग्रीस. पावसाळ्यात पेट्रोलची गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी-कार्बोरेटर रिकामे करून ठेवा, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि जेट चोंदतात. आणि घेण्याआधीच विचारून ठेवा, दुरुस्तीला माणूस कुठून येणार. पेण, माणगाव, अलिबागला ट्रॅक्टरचे जाणकार सापडतात. एटीव्हीचा पट्टा मुंबई-पुण्याहून मागवावा लागला तर हंगामातला आठवडा जातो, म्हणून एक पट्टा पहिल्या दिवशीच घरात आणून ठेवा.

किनाऱ्याची वाट जवळची असली तरी वाळूवरून माल वाहू नका. हरिहरेश्वर, दिवेआगर, श्रीवर्धनच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकांनी दबलेल्या वाळूतून पिल्लांना वर येता येत नाही आणि खोल चाकोरीत पडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही.

शेवटी जिवाचं. पडलेलं खोड ओढताना दोर एटीव्हीच्या मागच्या रॅकला कधीही बांधू नका आणि ट्रॅक्टरला वरच्या दांडीला बांधू नका. दोर आसापेक्षा उंच बांधला आणि खोड अडकलं की पुढची चाकं उचलतात आणि यंत्र चालकाच्या अंगावर उलटतं. सावरायला सेकंदही मिळत नाही. दोर नेहमी खालच्या हुकालाच. ऑस्ट्रेलियात शेतावर एटीव्ही उलटून इतकी माणसं गेली की ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या शेतकामाच्या एटीव्हीला मागे संरक्षक कमान सक्तीची आहे. आपणही ती कमान मागा. एका माणसाच्या गाडीवर दुसऱ्याला बसवू नका, भरलेल्या ट्रॉलीवर तर नाहीच. सुट्टीत गावी आलेल्या मुलांच्या हाती किल्ली देऊ नका, सोळा वर्षांखालच्या कुणाच्याच नाही. हेल्मेट वाडीतसुद्धा.

सौदा ठरवण्यापूर्वी विक्रेत्याला गाडी तुमच्या वाडीत आणायला सांगा. कोरड्या उन्हाळ्यात नको, दोन-चार सरी पडून गेल्यावर बोलवा. तुमची ट्रॉली, वर सांगितलेल्या वजनाच्या मर्यादेत बसतील तेवढी तुमची पोती, तुमचा सर्वांत वाईट चढ, आणि तुमच्याकडे रोज जो माणूस गाडी चालवणार आहे त्याच्या हातात किल्ली. चढून जाऊ द्या, अर्ध्या चढावर थांबवून पुन्हा निघायला लावा, मग भरलेलीच खाली आणा. आमच्या बोळात मी तीन यंत्रं अशी चालवून पाहिली. दोन गडग्याला घासली. तिसरा एक मिनी ट्रॅक्टर होता, तो साडेचार फुटांतून दोन्हीकडे वीतभर जागा ठेवून गेला, आणि आज वाडीतली झावळी-सोडणं तोच बाहेर काढतो.